घंटेनंतरचा ठोसा

लग्नाच्या पंधराव्या वर्षी मिस्त्रींनी घरातही गुण द्यायला सुरुवात केली आणि सतराव्या वर्षी बाईंनी त्यावरून भांडणं सोडून दिलं.

सकाळी कप खाली ठेवताना मिस्त्री म्हणायचे, "दहा-नऊ." म्हणजे आजच्या चहाने कालच्या चहाला हरवलं. बाईंनी विचारावं, "आणि परवाचा?" तर उत्तर ठरलेलं. "ती फेरी झाली. चिठ्ठी गेली. मागचं उकरायचं नाही."

भांडणालाही हेच. आवाज खाली आले की मिस्त्री बोटं दाखवायचे, दहा तुला, नऊ मला. त्यांच्या मोजणीने बाईंनी जवळजवळ सगळ्या फेऱ्या जिंकल्या होत्या. हरणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी एवढं समाधान कसं, हे मात्र बाईंना उलगडत नसे. आपण भांडण जिंकतो आणि हा माणूस शेवटी त्याला हवं तेच करतो, अशी त्यांना दाट शंका होती. एकदा त्या म्हणाल्या, "एखाद्या वेळी दहा-दहा द्या की!"

"दहा-दहा म्हणजे जजने कष्ट केले नाहीत," मिस्त्री म्हणाले. "नीट बघितलं की कुणीतरी केसभर पुढे असतोच."

मिस्त्री आठवडाभर लाकडाच्या वखारीत करवतीच्या यंत्रावर असत आणि रविवारी एमएमएच्या लढतींना जज म्हणून बसत. एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, गुडघे, कुस्ती, सगळं एकाच जाळीच्या पिंजऱ्यात. बाईंच्या मोठ्या जाऊबाईंच्या शब्दांत, "आपण मुलांना जे जे करू नका म्हणून सांगतो, ते ते." तरुणपणी मिस्त्री कुस्ती खेळलेले. कंबर गेली, कुस्ती गेली, नजर तेवढी राहिली. ती नजर वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या जुन्या दोस्ताने, शाळेत कवायत शिकवणाऱ्या पीटी सरांनी, त्यांना या खुर्चीत आणून बसवलं. पीटी सर तिथल्या जजांचे प्रमुख.

पिंजऱ्याच्या तीन बाजूंना तीन जज बसत. एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांच्या तोंडाकडेही बघायचं नाही. फेरी संपली की आपल्या चिठ्ठीवर गुण लिहायचे आणि चिठ्ठी देऊन टाकायची. जिंकला त्याला दहा, हरला त्याला नऊ, अगदीच लोळवला असेल तर आठ. तिघांपैकी दोघे ज्याच्या बाजूला, तो जिंकला. बघायचं एकच, कुणाच्या माराने लढत संपण्याच्या जवळ आली. नुसतं छाती काढून पुढे पुढे जाणाऱ्याला मिस्त्री गुण देत नसत. "तसं असतं तर बसच्या रांगेत सगळेच पैलवान ठरले असते."

आणि मिस्त्री हे सगळं कानात कापसाचे बोळे घालून करायचे.

सवय वखारीतली. एका रविवारी बोळे कानातच राहिले आणि त्या दिवशी मिस्त्रींचे गुण बाकी दोघांपेक्षा उलटे आले. पीटी सरांनी तीन वेळा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "मिस्त्रीचंच बरोबर." तेव्हापासून बोळे हे त्यांचं हत्यार झालं. आडव्या धरलेल्या हातावर लाथ बसली की दार आपटल्यासारखा आवाज होतो, गर्दी उसळते, आणि मार मात्र शून्य. उलट बरगडीत रुतलेल्या ठोशाला आवाजच नसतो. "कान गर्दीचे असतात," मिस्त्री म्हणायचे, "डोळे आपले." नव्या जजांना पीटी सर हे वाक्य स्वतःचं असल्यासारखं ऐकवायचे.

बाई शाळेच्या ऑफिसात होत्या. हजेरीपटापासून दाखल्यांपर्यंत सगळं त्यांच्याकडे, आणि तासाची घंटाही. शिपायाने घंटा दिली की पाच-दहा सेकंद इकडेतिकडे व्हायचे, ते बाईंना सोसेना, म्हणून त्यांनी ती आपल्याकडेच घेतली. मिस्त्रींच्या जजगिरीच्या दुसऱ्या वर्षी त्या त्यांचा घरी विसरलेला चष्मा द्यायला लढतींच्या हॉलवर गेल्या, तर वेळ मोजणारा गृहस्थ आलेलाच नव्हता. पीटी सरांनी घाईघाईत त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं. संध्याकाळी ते मिस्त्रींना म्हणाले, "तू आला नाहीस तरी चालेल, वहिनींना पाठव." त्या दिवसापासून सगळ्या हॉलच्या त्या 'घड्याळबाई'.

बाईंच्या टेबलावर चार वस्तू असायच्या. स्टॉपवॉच. फेरीचे दहा सेकंद उरले की टेबलावर आपटायचे दोन लाकडी ठोकळे, मिस्त्रींनी सागवानी तुकड्यांतून तासून दिलेले. पितळेची घंटा आणि तिची मोगरी. आणि वही. वहीत प्रत्येक फेरीची वेळ, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तो बाईंनी स्वतःहून आखला होता. 'पाणी सांडल्यामुळे वीस सेकंद थांबले', 'दिवे गेले, आले', असं त्यात असे. दर सोमवारी वही हॉलच्या ऑफिसात जायची. शेऱ्याचा रकाना दहा वर्षांत कुणी वाचला नव्हता. हे बाईंना माहीत होतं, कारण एकदा त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं, 'हा शेरा वाचणाऱ्याने मला चहा पाजावा', आणि अजून कुणी पाजला नव्हता.

त्या रविवारी मिस्त्री चांगला इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. पीटी सर निवृत्त होणार होते आणि शनिवारच्या बैठकीत प्रमुखाची खुर्ची मिस्त्रींकडे येणार, हे हॉलमधल्या पायपुसण्यालासुद्धा ठाऊक होतं. आपल्याला काहीच माहीत नाही, असा मिस्त्रींचा चेहरा. पण मागच्याच आठवड्यात ते हत्यारं घेऊन गेले आणि प्रमुखाच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय बसवून आले.

"एवढी काय घाई होती?" बाईंनी विचारलं.

"घाई कसली. सर पडतील एखादे दिवशी."

"सर बारा वर्षं त्याच खुर्चीत डुगडुगतायत. पडले नाहीत ते."

मिस्त्रींनी बोळ्यांची डबी शोधायचं निमित्त केलं. बाईंनी मनात दहा-नऊ म्हटलं.

दुपारी चारच्या सुमाराला वरच्या खिडकीतून उन्हाची तिरीप नेमकी स्टॉपवॉचवर आली. आकडे दिसेनात. बाईंनी हॉलच्या माणसांना सांगून टेबल दोन हात डावीकडे घ्यायला लावलं, पिंजऱ्याच्या गुबगुबीत खांबाच्या आडोशाला. तिथे सावली होती. पिंजरा स्वच्छ दिसत होता. पलीकडच्या बाजूला बसलेल्या मिस्त्रींचं तेवढं फक्त कोपर दिसत होतं.

पुढची लढत दोन मुलींची. लाल कोपऱ्यात एका दवाखान्यातली नर्स, निळ्या कोपऱ्यात स्कूटरवरून पार्सलं पोचवणारी. जिंकेल ती पुढच्या महिन्यातल्या मोठ्या स्पर्धेला जाणार. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या.

पहिली फेरी नर्सची, यात वाद नव्हता. दुसरीत पार्सलवालीने पत्ता शोधून काढला, नर्सची डावी मांडी. त्या एकाच पत्त्यावर तिने लाथांमागून लाथा पोचवल्या. आवाज नाही, दिखावा नाही. दोन मिनिटं झाली तेव्हा नर्स तो पाय जमिनीवर ठेवताना ओठ चावत होती. गर्दीला काही कळत नव्हतं. बाईंना मात्र मिस्त्रींबरोबर इतकी वर्षं काढल्यावर कळायला लागलं होतं. ही फेरी निळीची.

दहा सेकंद उरले. बाईंनी ठोकळे आपटले. मग मोगरी उचलली आणि नेमक्या तीन मिनिटांना घंटा दिली.

घंटा ऐकून पार्सलवालीने हात खाली केले. नर्सचा उजवा हात मात्र निघाला होता. तो थेट हनुवटीवर बसला आणि पार्सलवाली मटकन खाली बसली. पिंजऱ्यातले पंच मध्ये धावले. त्यांनी नर्सला बोट दाखवून दटावलं, खाली बसलेल्या मुलीचे डोळे तपासले. ती मान हलवून उठली. पंचांनी गुण कापला नाही. गर्दी मात्र वेडी झाली होती, घंटेचा आवाज त्या कल्लोळात कुठल्या कुठे विरून गेला.

बाईंनी वहीत लिहिलं, 'फेरी दुसरी. वेळ पूर्ण. लाल बाजूचा ठोसा घंटेनंतर.' मग वर पाहिलं. खांबापलीकडचं कोपर भराभर हललं आणि थांबलं. मिस्त्रींचं कोपर एवढ्या लवकर कधी थांबत नसे.

तिसरी फेरी झाली, तीही निळीची. निकाल वाचला गेला. एका जजचे एकोणतीस-अठ्ठावीस निळीला. दुसऱ्याचे एकोणतीस-अठ्ठावीस लालला. मिस्त्रींचे एकोणतीस-अठ्ठावीस लालला. नर्सचा हात वर गेला. पार्सलवालीने तिला मिठी मारली, तिच्या मांडीवर थोपटलं आणि हातांच्या पट्ट्या सोडत निघून गेली.

दोघांचा एक नियम होता. पायातल्या चपला घरी निघेपर्यंत लढतीबद्दल बोलायचं नाही. बसमध्ये कुणाचा काका, कुणाची आत्या बसलेली असेल, सांगता येत नाही. मिस्त्री खिडकीशी बसून गुणगुणत होते. हॉलमधून निघताना पीटी सर त्यांच्या पाठीत धपका मारून म्हणाले होते, "शनिवारी जरा लवकर ये." बाई मांडीवरची वही दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. वही काही पळून जाणार नव्हती.

दोघे घरी आले. चपला निघाल्या. बाईंनी दिवा लावला, गॅसवर आधण ठेवलं आणि पाठमोऱ्याच विचारलं, "त्या पोरींची दुसरी फेरी कुणाला दिलीत?"

उत्तर नाही.

बाई वळल्या आणि स्वतःच्या कानाकडे बोट केलं. मिस्त्रींनी डाव्या कानातला बोळा काढला. उजव्यातला काढायचा राहिला होता, तोही काढला.

"काय म्हणालीस?"

"दुसरी फेरी."

"लालला. दहा-नऊ. निळी चांगली मारत होती गं, मांडी पार सुजवली त्या पोरीची. शेवटच्या क्षणापर्यंत मी निळीलाच देणार होतो. पण त्या एका ठोशाने बसवलीच तिला. माराचं वजन म्हणजे वजन. तिथे लाथांची गिनती चालत नाही."

"तो ठोसा माझ्या घंटेनंतरचा होता."

मिस्त्री हसले. मग बाईंचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. "नंतरचा कसा असेल? मी बघत होतो."

"बघत होतात. ऐकत होतात का?"

आधण उकळायला लागलं होतं. दोघांपैकी कुणीही गॅस बारीक केला नाही.

"अहो," बाई हळू म्हणाल्या, "इतकी वर्षं बोळे घालून बसता. मग घंटा झाली हे तुम्हाला कळतं कसं?"

हा प्रश्न हॉलमध्ये कुणाला पडला नव्हता, पीटी सरांना नाही, बाईंनाही नाही. मिस्त्रींनी कापसाचे बोळे तळहातावर घेतले आणि त्यांच्याकडेच बघत उत्तर दिलं.

"तुझा हात दिसतो ना."

"म्हणजे?"

"ठोकळ्यांची धमक टेबलातून फरशीत आणि फरशीतून खुर्चीत येते, तेवढी कळते. मग एक डोळा तुझ्याकडे. तू मोगरी उचलतेस, कोपर वर जातं, बांगडी मागे सरकते. हात खाली आला की फेरी संपली. दहा वर्षं मी असंच बघतो. तुझा हात कधी चुकला नाही."

बाईंना आठवलं. फेरी संपताना हा माणूस आपल्याकडे वळून बघतो, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. त्यांना वाटायचं, आपण किती ऐटीत बसलोय हे बायकोने पाहिलं की नाही, ते तपासतोय. एकदोनदा तर त्यांनी मुद्दाम तोंड फिरवलं होतं.

"आणि आज?"

"आज तू खांबाआड होतीस. हात दिसला नाही. म्हटलं, पंच मध्ये पडतील तेव्हा संपली समजू. पंच पडले ते ठोशानंतर." मिस्त्री खुर्चीत बसले. "म्हणजे त्या पोरीने नियमाने हात खाली केले आणि मी तिला त्याचाच दंड केला."

बाईंनी गॅस बंद केला. टेबल कुणी हलवायला लावलं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. एक उन्हाची तिरीप! हाताने आडोसा केला असता तरी भागलं असतं.

"वहीत लिहिलंयस?" मिस्त्रींनी विचारलं.

"लिहिलंय."

"पेनाने?"

"मी पेन्सिलीने कधी काय लिहिलंय?"

यानंतर घरात जी शांतता झाली तिचा एक एक सेकंद बाईंनी मोजला, स्टॉपवॉच नसताना. शेऱ्याचा रकाना कुणी वाचत नाही हे दोघांनाही माहीत होतं. चिठ्ठीचा नियमही दोघांना माहीत होता. निकाल फिरवायला एकच वाट, आपले गुण नियमाबाहेरच्या माराला गेले असं त्याच जजने चोवीस तासांच्या आत लिहून द्यायचं. म्हणजे उद्या दुपारी चारपर्यंत मिस्त्री गप्प बसले की संपलं. नर्स स्पर्धेला जाईल, शनिवारी खुर्ची येईल, वही कपाटात जाईल. त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं, बाई सोडून. आणि बाईंनी ठरवलं होतं की आपण विचारायचं नाही. शेरा खोडायचं यांनी नुसतं सुचवलं तरी सव्वीस वर्षांच्या सगळ्या फेऱ्या पुन्हा मोजाव्या लागतील, या भीतीने त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्या माणसाला आज गुण द्यायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती.

मिस्त्री उठले. ड्रॉवर उघडून बराच वेळ काहीतरी शोधलं. "अगं, आपल्या घरात आखलेला कागद कुठे असतो?"

बाईंनी पाठ फिरवून चहा गाळला. दोन कपांऐवजी तिसऱ्याच भांड्यात गाळला गेला.

मिस्त्रींनी लाकडावर रेघ मारावी तसं, जीभ दाताखाली धरून लिहिलं आणि कागद पुढे केला. "शुद्धलेखन बघ."

बाईंनी शाळेतल्या सवयीने लाल पेन उघडलं. मग ते ठेवून निळं घेतलं. दोन वेलांट्या सुधारल्या. मग थांबल्या. "हे काय? 'सर्वस्वी माझी चूक आहे'? टेबल मी हलवलं ते कुठंय?"

"ते कशाला? टेबल कुठेही असो. जजला घंटा ऐकू यायला पाहिजे."

"खांबाआड बसून घंटा देणारी मी. जजांना आपण दिसतो का, ते बघायला नको मला?"

"नियमात घंटा ऐकवायची आहे. दाखवायची नाही."

"मग दहा वर्षं बघत कशाला होतात?"

"ती माझी खाजगी सोय होती."

"माझ्या हाताची सोय, आणि मला पत्ता नाही! 'माझ्या पत्नीच्या सूचनेवरून टेबल हलवल्यामुळे' एवढं घाला."

"मेलो तरी घालणार नाही. लोक म्हणतील, बायकोवर ढकललं."

"आणि नाही घातलं तर मी म्हणेन, मला मोजलंच नाही."

असं पाऊण तास चाललं. त्या घरात चूक आपल्याकडे ओढण्यासाठी एवढी हाणामारी कधी झाली नव्हती. चहा कधीच निवला होता. शेवटी बाईंनी वही उघडली आणि शेऱ्याखाली दुसरा शेरा पेनाने लिहिला, 'टेबल वेळाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून हलवले होते. त्यामुळे जजांना घंटेचा हात दिसला नाही.' खाली सही, तारीख.

"हे कुणी वाचणार नाही," मिस्त्री म्हणाले.

"मी वाचून दाखवीन."

मिस्त्रींनी सवयीने बोटं वर केली, दहा दाखवायला. बाई म्हणाल्या, "राहू द्या. आज नको." मिस्त्रींनी बोटं मिटून घेतली.

सोमवारी सकाळी दोघे हॉलच्या जिन्याखालच्या खोलीत गेले. खोलीला मॅटच्या रबराचा आणि जुन्या घामाचा वास. पीटी सर दुरुस्त झालेल्या खुर्चीत मागे रेलून बसले होते. "बसा बसा. खुर्ची काय केलीयस मिस्त्री, हलतच नाही."

त्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. कॉम्प्युटरवर लढतीचा व्हिडिओ लावला, आवाज मोठा केला. घंटा. मग ठोसा. मध्ये अर्ध्या श्वासाचं अंतर. तीन वेळा पाहिलं, तिन्ही वेळा तेवढंच.

"कानात बोळे घालून बसलास!" पीटी सर उसळले.

"सर, ते तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"मला माहीत होतं, पण..." सर अडखळले. गेली दहा वर्षं आपण नव्या पोरांना काय शिकवत आलो, ते त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. "पण हा घंटा ऐकत नाही, हे मला कुठे माहीत होतं? तुला कसं कळायचं रे मग?"

मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले, "हिचा हात दिसायचा."

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी शनिवारी तुला प्रमुख करणार होतो, गाढवा."

"माहितीये."

"कसं माहिती?"

"खुर्ची दुरुस्त केली ना मी."

सरांना हसू आलं, ते त्यांनी खोकून लपवलं. बाईंनी वही उघडून शेरा वाचून दाखवला, दोन्ही शेरे, तारखेसकट. सरांनी वही हातात घेऊन मागची पानं चाळली आणि एका पानावर थांबले. "हे चहाचं काय आहे?"

"चार वर्षांपूर्वीचं आहे ते."

"बरं. चहा माझ्याकडे लागला." मग त्यांनी आवाज घट्ट केला. "आता ऐका. निकाल बदलेल. निळी जाईल. मिस्त्री, सहा महिने तू चिठ्ठीला हात लावायचा नाहीस. नंतर परीक्षा पुन्हा, पहिल्यापासून, नव्या पोरांच्या बाकावर. प्रमुखाचं विसर. आणि आजपासून नियम, कुठल्याच जजच्या कानात काही घालायचं नाही. तोवर रविवारी हॉलवर यायचंस. घड्याळबाईंच्या शेजारी बसायचंस, ठोकळे आपटायचेस. घंटा कशी असते ते जवळून ऐक जरा."

परतताना मिस्त्री वाटेत एका दुकानाच्या काचेत स्वतःकडे बघत थांबले. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर नीट केली. "त्या खुर्चीचा पाय मी फार चांगला बसवला होता गं," ते म्हणाले. एवढंच. बाईंनी त्यांचा दंड धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

नर्सला सरांनी फोन केला. ती म्हणाली, "मला ऐकू आली होती घंटा. हात परत येईना." शनिवारच्या बैठकीत खुर्ची तिघांतल्या सगळ्यात तरुण जजला मिळाली. मिस्त्री टाळ्या वाजवायला पहिले होते आणि थांबायला शेवटचे.

आठवड्याने दारावर बेल वाजली. पार्सलवाली उभी, हनुवटीवर पिवळट पडत चाललेला डाग, हातात बाईंनी मागवलेला मिक्सरचा डबा. तिने मिस्त्रींना पाहिलं आणि मशीन पुढे केलं.

"सही करा काका."

मिस्त्रींनी सही केली.

"नीट बघून केलीत ना? नाहीतर दोन दिवसांनी पत्र पाठवाल, ही सही माझी नव्हती."

मिस्त्रींनी सही पुन्हा एकदा नीट बघितली. आतून बाई म्हणाल्या, "तिला आत घ्या, पाणी द्या."

"नको काकू, अजून नऊ पत्ते आहेत." ती दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "काका, लाथा मोजल्या होत्या का माझ्या?"

"चौदा," मिस्त्री ताबडतोब म्हणाले. "बारा एकाच जागी. दोन चुकल्या."

"तेरा होत्या एका जागी," ती म्हणाली आणि स्कूटर सुरू केली.

पुढच्या रविवारी मिस्त्री दहा वर्षांनी पहिल्यांदा रिकाम्या कानांनी हॉलमध्ये बसले. टेबल जुन्या जागी आलं होतं. उन्हासाठी मिस्त्रींनी पुठ्ठ्याची झडप करून स्टॉपवॉचवर बसवली होती. पहिली लाथ हातावर फाडकन बसली, गर्दी ओरडली आणि मिस्त्री खुर्चीत चक्क दचकले.

"एवढा आवाज असतो?"

"रोज असतो," बाई म्हणाल्या. "गप्प बसा. एक बारा, एक तेरा..."

मिस्त्रींनी मान वळवली. बाईंचे ओठ हलत होते. हातात स्टॉपवॉच असताना त्या फेरीभर सेकंद तोंडाने मोजत होत्या, हलक्या आवाजात, शाळेतल्या पाढ्यांच्या चालीवर.

"हे तू दर वेळी करतेस?"

"घड्याळाचा काय भरवसा? एक बावीस, एक तेवीस..."

मिस्त्री पुढे झुकले, तो आवाज नीट ऐकू यावा म्हणून. पिंजऱ्यात कोण कुणाला काय करत होतं, याचं त्यांना अंमळ विस्मरण झालं. बाईंनी कोपराने ढोसलं तेव्हा ते भानावर आले आणि ठोकळे आपटले, टक टक. दहा सेकंद.

"एक सेकंद उशीर," बाई म्हणाल्या.

"अर्धा."

"एक. मी लिहिणार आहे."

त्यांनी मोगरी उचलली. कोपर वर गेलं, बांगडी मागे सरकली. पिंजऱ्यात दोघे जण एकमेकांना जाळीवर दाबत होते, लोक उभे राहिले होते, आणि मिस्त्री त्यांच्याकडे पाठ करून बाईंच्या हाताकडे बघत होते.

"अहो, तिकडे बघा."

"तिकडे बघायला तीन जण आहेत," मिस्त्री म्हणाले.

घंटा झाली. आज ती त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकू आली, तरी हात खाली येईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.